मोजणीदाराचं टेबल : जुन्या आरेखन-अवजारांच्या संग्रहाच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२४

आज प्रकल्पाची चौकट ठरली. जमीन मोजणीच्या जुन्या वस्तू जमवणारे बहुतेक जण थिओडोलाइट, डम्पी लेव्हल, प्रिझमॅटिक होकायंत्र यांच्या मागे असतात. ती शेतातली, उन्हातली अवजारं. मला हवी आहेत ती टेबलावरची, दिवसभर घेतलेली मापं ज्यांनी कागदावर उतरत ती. कर्कटकं, रूलिंग पेनं, साखळीच्या पट्ट्या, समांतर पट्टी, आणि क्षेत्रफळ काढायची यंत्रं. खरेदीखतात, वाटणीत, हद्दीच्या वादात पुढे येते ती याच टेबलावर आखलेली रेघ. तरी संग्रहांमध्ये या अवजारांना ‘जुनी कंपासपेटी’ म्हणून कोपऱ्यातली जागा मिळते, हे मला पटत नाही.

दोन अटी घातल्या आहेत. वस्तू साधारण १८५० ते १९५० या शंभर वर्षांतली हवी. रोटरिंगचं रॅपिडोग्राफ १९५३ मध्ये आलं, नळीच्या निबाची पेनं रुळली आणि रूलिंग पेनचं राज्य ओसरू लागलं, म्हणून अलीकडची सीमा तिथे. दुसरी अट, प्रत्येक वस्तू चालली पाहिजे. संच पुरा झाला की त्यातल्याच अवजारांनी एका शेताचा नकाशा काढायचा, रेघांपासून क्षेत्रफळापर्यंत.

२२ सप्टेंबर

रूलिंग पेनांचा एक जुडगा आला. हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या मुठीची काही, काळ्या एबनी लाकडाची काही, दोन जर्मन सिल्व्हरची. भिंगाखाली प्रत्येकाची पाती पाहिली.

रूलिंग पेन म्हणजे पोलादाची दोन पाती आणि त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त करणारा एक स्क्रू. शाई पात्यांच्या मधल्या फटीत धरून राहते. फट जेवढी, रेघ तेवढी जाड. पेन दौतीत बुडवायचं नाही. शाई पिसाच्या टोकाने किंवा ड्रॉपरने दोन पात्यांमध्ये सोडायची, साधारण पाव इंच उंचीपर्यंतच. जास्त भरली की वजनाने खाली येते आणि कागदावर थेंब पडतो. पात्यांच्या बाहेरच्या अंगाला शाई लागली असेल तर ती पट्टीच्या कडेखाली ओढली जाते आणि सगळी रेघ फिसकटते.

जुडग्यातल्या बहुतेक पेनांची टोकं झिजून चपटी झाली आहेत. उजेडात धरलं की टोकावर एक चमकता ठिपका दिसतो. धार असेल तिथे उजेड परावर्तित होत नाही, म्हणून चमक म्हणजे बोथटपणा. काहींमध्ये एक पातं दुसऱ्यापेक्षा केसभर आखूड आहे. असं पेन एका बाजूला कागद खरवडतं आणि दुसऱ्या बाजूला रेघ सोडत जातं.

२९ सप्टेंबर

एका निवृत्त आरेखकांकडे पेनं घेऊन गेलो. त्यांनी आयुष्यभर भूमापनाचे नकाशे शाईत उतरवले आहेत. धार कशी लावायची ते त्यांनी न बोलता करून दाखवलं, मी पाहत राहिलो.

आधी स्क्रू फिरवून दोन्ही पाती एकमेकांना जेमतेम टेकवायची. बारीक तेलदगडावर पेन उभं धरून लंबकासारखं या बाजूने त्या बाजूला झुलवत ओढायचं. त्याने दोन्ही पाती सारख्या लांबीची होतात आणि टोकाला लंबगोल आकार येतो. या पायरीवर धार मुद्दाम घालवलेली असते. मग पाती थोडी उघडून एकेक पातं बाहेरच्या अंगाने दगडावर आडवं, बारीक कोनात घासायचं आणि दर दोन-चार हातांनी भिंगाखाली बघायचं. चमकता ठिपका नाहीसा होताच थांबायचं. त्यापुढे एक हात जरी जास्त पडला तरी पातं कागद कापतं. आतल्या अंगाला दगड लावायचाच नाही. आतला पृष्ठभाग सपाट राहिला तरच शाई सरळ उतरते.

“पेन कागदावर चालताना आवाज आला तर ते अजून तयार नाही,” एवढंच ते म्हणाले.

एबनीच्या मुठीचं पेन पहिलं तयार झालं. दोन पात्यांच्या मधून उजेडाची रेघ वरपासून खालपर्यंत सारखी दिसते, टोकाशी मिटते.

१३ ऑक्टोबर

आजचा दिवस साखळीच्या पट्ट्यांचा. बॉक्सवुडच्या बारा इंची पट्ट्यांची एक जोडी आणि तिच्याबरोबरच्या दोन इंची आखूड ऑफसेट पट्ट्या (साखळीपासून काटकोनात घेतलेली मापं उतरवायच्या) मिळाल्या. लाकूड मधासारखं पिवळं झालेलं आहे. बॉक्सवुडचे तंतू इतके दाट असतात की इंचाचे पन्नास भाग पाडले तरी रेघेची कड तुटत नाही, म्हणून दोन शतकं पट्ट्या करणाऱ्यांनी ते सोडलं नाही.

या पट्ट्यांवरच्या खुणा वाचायला आधी साखळी समजली पाहिजे. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये जी साखळी रूढ केली ती ६६ फुटांची, १०० कड्यांची. एक कडी ७.९२ इंच. ६६ हा आकडा विचित्र वाटतो, पण १० चौरस साखळ्यांचा बरोबर एक एकर होतो आणि ८० साखळ्यांचा एक मैल. म्हणजे कड्यांमध्ये मापं घेतली, गुणाकार केला आणि दशांश चिन्ह पाच घरं डावीकडे सरकवलं की एकर हातात. एक लाख चौरस कड्या म्हणजे एक एकर. कागदावर गुणाकार करणाऱ्या माणसाची एवढी काळजी दुसऱ्या कुठल्या मापाने घेतली असेल असं वाटत नाही. आपला गुंठाही याच घरातला: अर्धी साखळी म्हणजे ३३ फूट, ३३ बाय ३३ चा गुंठा, असे चाळीस म्हणजे एकर.

पट्टीच्या टोकाला नुसता आकडा कोरलेला असतो, २०, ३०, ४०. तो इंचाचे किती भाग पाडले ते सांगतो. २० ची पट्टी इंचाला दोन साखळ्यांच्या नकाशाला चालते, कारण तिचा प्रत्येक भाग दहा कड्यांचा. इंचाला एक साखळी म्हणजे १:७९२ प्रमाण. इंचाला तीन साखळ्या म्हणजे १:२३७६. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्यानंतर जे टाइद नकाशे (चर्चला द्यायच्या दशांश करासाठीचे) झाले त्यांच्यासाठी हेच तीन साखळ्यांचं प्रमाण सुचवलं गेलं होतं.

आता मूळ मुद्दा. रेघ पाव मिलिमीटर जाड असेल तर १:२३७६ च्या नकाशावर तिच्याखाली जमिनीची जवळपास ६० सेंटिमीटरची पट्टी झाकली जाते. रूलिंग पेनला दगडावर तास-तास घासण्याचं कारण हे आहे. जाड रेघ म्हणजे दोन शेजाऱ्यांमधली वादाची जागा.

पट्ट्यांच्या गठ्ठ्यातच फील्ड बुकाचं, म्हणजे मोजणीच्या वहीचं, एक सुटं पान आहे. गावाचं, मालकाचं नाव नाही. एक त्रिकोण, एक पडताळा रेषा आणि दोन बाजूंवरचे ऑफसेट. नकाशा काढायचा तो या शेताचा.

१९ ऑक्टोबर

हस्तिदंत घ्यायचं नाही, असं ठरवलं. संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरच्या सीआयटीईएस या आंतरराष्ट्रीय करारात आशियाई हत्ती १९७५ पासून पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे, आणि आफ्रिकी हत्तीही १९८९ च्या निर्णयाने त्यात गेला, जरी काही देशांतले त्याचे कळप नंतर दुसऱ्या परिशिष्टात आले. देशोदेशींचे कायदे कडक आहेत आणि ते तसेच असायला हवेत. जुडग्यातल्या ज्या मुठी हस्तिदंतासारख्या दिसत होत्या त्या भिंगाखाली तपासल्या. समांतर, एकसारखे, आखून दिल्यासारखे पट्टे, आणि बोटाने जोरात चोळल्यावर कापराचा वास. सेल्युलॉइड आहे. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते आणि हाडात बारीक काळसर ठिपके. तापलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने वस्तू कायमची डागाळते आणि सेल्युलॉइड तर पेट घेऊ शकतं. भिंग पुरतं.

पट्टीचं सांगायचं तर हस्तिदंताची लांबीही दमट हवेत बदलते. कामाची पट्टी म्हणून बॉक्सवुड त्याला कुठेच कमी नाही.

२ नोव्हेंबर

वस्तूंचं वय ठरवण्याच्या खुणा, माझ्या वहीतून:

‘जर्मनी’ किंवा दुसऱ्या कुठल्या देशाचं नाव कोरलेलं असेल तर वस्तू बहुधा १८८७ नंतरची. ब्रिटनचा त्या सालचा व्यापारचिन्हांचा कायदा आणि अमेरिकेचा १८९० चा जकात कायदा यांनी परदेशी मालावर देशाचं नाव घालणं भाग पाडलं. कंपासाच्या दांड्या चपट्या न राहता गोल कांबीच्या असतील तर ती रिफलर या जर्मन निर्मात्याची १८७७ ची पद्धत किंवा तिची पुढची नक्कल. निर्मात्याच्या नावाचा उपयोग खालची सीमा ठरवायला होतो: स्विस केर्न १८१९ पासून, लंडनचे स्टॅनली १८५४ पासून, न्यूयॉर्कचे कॉयफेल अँड एसर १८६७ पासून. धातू पितळ असेल तर सहसा जुना. जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, एकोणिसाव्या शतकात हळूहळू त्याची जागा घेत गेला. नावात चांदी आहे, धातूत नाही.

सगळ्यात जास्त मात्र पेटी बोलते. मखमलीतला खळगा त्या मूळ अवजाराच्या आकाराचा कापलेला असतो. वस्तू खळग्यात हलत असेल किंवा बळेच बसवावी लागत असेल तर ती नंतर आली. शिवाय कारागीर एकाच कंपासाच्या सुट्या भागांवर जुळणीची खूण करत, एखादा ठिपका, दोन ठिपके, एखादा आकडा. एका पेटीतल्या कंपासाच्या पायावर दोन ठिपके आहेत आणि त्यात बसणाऱ्या शाईच्या टोकावर तीन. दोन वेगळ्या कंपासांचे भाग एकत्र आले आहेत.

१७ नोव्हेंबर

प्रमाण-कर्कटक. दोन चिरलेल्या पट्ट्या, मधे सरकणारा खिळा, दोन्ही टोकांना टोच्या. खिळा सरकवला की वरच्या आणि खालच्या उघड्या अंतरांचं गुणोत्तर बदलतं. पट्टीवर चार ओळी कोरलेल्या आहेत: रेषा, वर्तुळं, क्षेत्रं, घन. ‘रेषा’वर २ लावला की लांबी निम्मी. ‘क्षेत्रं’वर २ लावला की लांबी १.४१४ ने भागली जाते, म्हणजे नकाशाचं क्षेत्रफळ निम्मं. नकाशा लहान-मोठा करताना एकेक बिंदू या कर्कटकाने उचलून ठेवायचा, आकडेमोड काही नाही.

हे अवजार घेताना एक गोष्ट पाहावीच लागते. टोच मोडली की कुणीतरी ती घासून पुन्हा टोकदार करतो. दोन्ही टोचा सारख्याच घासल्या तर कर्कटक मिटल्यावर टोकं बरोबर जुळतात, डोळ्यांना काही खटकत नाही, पण दांडीची लांबी बदललेली असते आणि कोरलेली प्रत्येक खूण खोटी झालेली असते. म्हणून चार इंचाची रेघ काढून ‘रेषा’ २ वर पडताळा घेतला. खालच्या टोकाला दोन इंचाऐवजी २.०३ आलं. दुसरं एक, जरा डागाळलेलं आणि पेटी नसलेलं, त्याच कसोटीला उभं केलं. दोन इंच, भिंगाखालीही दोनच. संचात हे जाईल. पहिलं फारच देखणं आहे, पण त्याच्या खुणांवर विसंबून एकही बिंदू ठेवता येणार नाही.

३० नोव्हेंबर

मार्क्वा पट्ट्या मिळाल्या! एक त्रिकोण आणि दोन मोजपट्ट्या, सगळं बॉक्सवुडचं, पातळ लाकडी पेटीत.

मी जमवलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये ही युक्ती मला सर्वांत सुंदर वाटते. त्रिकोण काटकोनाचा, पण त्याचा कर्ण सगळ्यात आखूड बाजूच्या बरोबर तिप्पट. कर्ण पट्टीला टेकवून त्रिकोण पट्टीवरून सरकवायचा आणि मधल्या बाजूने रेघ ओढायची. त्रिकोण तीन भाग सरकला की रेघ एकच भाग पुढे जाते. हाताची चूक तिथल्या तिथे एक तृतीयांश होते. स्क्रू नाही, दात नाहीत, झिजण्यासारखं काही नाही, फक्त भूमिती. नकाशावर बारीक समांतर रेघा हव्यात तिथे, उदाहरणार्थ प्रमाणपट्टी आखताना, याच्या तोडीचं साधं साधन नाही. लष्करी शाळांमधून ते दीर्घकाळ शिकवलं गेलं, पण आज दुकानदारही त्याला ‘जुना गुण्या’ म्हणून बाजूला टाकतात, आणि त्यामुळे त्रिकोण एकीकडे, पट्ट्या दुसरीकडे अशी ताटातूट होते. संच अख्खा मिळणं विरळाच.

त्रिकोण तपासला. आखूड बाजू कर्कटकात धरून कर्णावर चालवली, तिसऱ्या पावलाला टोकावर पोचली.

१५ डिसेंबर

रुळांची समांतर पट्टी. दोन्ही रूळ सारख्या व्यासाचे नसतील तर ती हळूहळू तिरपी चालते. रेघ काढून पट्टी कागदभर खाली नेली, दुसरी रेघ काढली, दोन रेघांमधलं अंतर दोन्ही टोकांशी कर्कटकाने ताडलं, सारखं भरलं. ठीक.

सरळ कडेची कसोटीही आजच उरकली: रेघ काढायची, पट्टी टोकाकडून टोकाकडे उलटवायची, त्याच दोन बिंदूंतून पुन्हा रेघ. मधे फट दिसली तर कड वाकडी, आणि दिसते ती फट खऱ्या दोषाच्या दुप्पट.

११ जानेवारी २०२५

सफाई. यावर माझं मत ठाम आहे: पितळ चकाकवायचं नाही. जुन्या पितळेवर कारागिराने दिलेला लाखेचा सोनेरी थर असतो. बाजारातलं पॉलिश तो थर खातं, कोरलेल्या आकड्यांच्या कडा गोल करतं आणि खाचांमध्ये पांढरी भुकटी सोडून जातं. अंशांच्या खुणा पुसट झालेला कोनमापक कितीही चमकला तरी वाचता येत नाही. मऊ ब्रश, ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून पिळलेला सुती बोळा, लगेच कोरडं करणं, शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात. पोलादी टोचांवरचा गंज बांबूच्या काडीने आणि तेलाने. पितळ जिथे चामड्याला टेकतं तिथे हिरवं, मेणचट काही जमतं, ते लाकडी काडीने अलगद खरवडायचं आणि वस्तू यापुढे चामड्यापासून दूर ठेवायची.

रूलिंग पेनांच्या फटीत वाळलेली शाई होती. जुन्या लिखाणाच्या शाईत लोह आणि आम्ल असतं, ते पोलाद खातं. आरेखकांची शाई काजळीची. कोणत्या पेनात कोणती शाई जात होती ते पात्याच्या आतल्या बाजूला दिसतं: काजळी धुतली की पातं स्वच्छ, लोहशाईने मात्र खड्डे पडलेले. खड्डे पडलेली पेनं संचाबाहेर.

८ फेब्रुवारी

संच पुरा. आजपासून शेत.

फील्ड बुकाचं पान खालून वर वाचायचं असतं. मोजणीदार ज्या दिशेने चालतो त्याच दिशेने लिहितो, म्हणजे डावीकडची झाडं, बांध पानातही डावीकडेच येतात. मधल्या रकान्यात साखळीवरचं अंतर, दोन्ही कडांना ऑफसेट, म्हणजे साखळीपासून काटकोनात घेतलेलं आखूड माप.

या शेताचा त्रिकोण: कख ८५० कड्या, खग ७२०, गक ६४०. इंचाला एक साखळी घेतली. ८.५ इंचाची कख रेषा चार-एच पेन्सिलने, टोकं सुईने टोचून. ६.४ आणि ७.२ इंचांची त्रिज्या साध्या कंपासाला अवघड जाते, पाय फार फाकले की टोच तिरपी रुतते. तिथे दांडीचा कंपास: महोगनीची दांडी, तिच्यावर सरकणारी दोन पितळी डोकी. टोच रुतते तिथे कागदाचं भोक मोठं होऊ नये म्हणून खाली शिंगाची पारदर्शक चकती ठेवली. नखाएवढी वस्तू, तीन बारीक काट्यांवर कागदाला धरून बसते आणि तिच्यातून खालचा बिंदू दिसतो. पेटीतली सर्वांत आधी हरवणारी गोष्ट हीच.

कंस छेदले, ग मिळाला. आता पडताळा. पानावर लिहिलं आहे की क पासून ४०० कड्यांवरच्या बिंदूपासून ग पर्यंत ५३० कड्या. कर्कटकात ते अंतर उचललं आणि पट्टीवर ठेवलं: ५.३०. तीन बाजूंवरून गणिताने ते अंतर ५२९.९ येतं. ज्याने ती साखळी ओढली तो चोख माणूस होता.

९ फेब्रुवारी

ऑफसेट. बारा इंची पट्टी कख वर लावून शिशाच्या वजनांनी दाबली, आखूड पट्टी तिच्या कडेने सरकवत नेली. २०० वर २४, ४१० वर ३८, ६०० वर २०, आणि दोन्ही टोकांना शून्य. प्रत्येक ठिकाणी सुईची एक टोच. खग वर २५० ला ३० आणि ४८० ला १८. गक वर काही नाही, तिथे बांध सरळ आहे.

या प्रमाणात एक कडी म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, ०.२५ मिलिमीटर. सुईचं टोक तेवढं असतं. सर्वेक्षणाचं माप, पट्टीची खूण, सुई आणि पेनची रेघ, चारही एकाच बारकाव्याला येऊन थांबतात. चारांपैकी एक जरी ढोबळ असतं तर बाकीच्या तिघांची अचूकता वाया गेली असती.

जुना नकाशा हातात आला तर तिरप्या उजेडात धरून पाहावा. हद्दीच्या प्रत्येक कोपऱ्यावर अशी टोच दिसते. साखळीच्या रेषांवर सुईची भोकं नसतील आणि कोपऱ्यांवरच सगळी असतील तर ती दुसऱ्या नकाशावरून टोचून घेतलेली नक्कल असण्याचा संभव मोठा.

२३ फेब्रुवारी

शाई. साखळीच्या रेषा तांबड्या, हद्द काळी. दगडावर शाईची कांडी पाण्यात उगाळायला वेळ लागतो, पण दाटपणा आपल्या हातात राहतो. एबनीच्या मुठीचं पेन घेतलं. पट्टीला टेकून, दोन्ही पाती कागदाला सारखी लागतील असं धरून, एकाच वेगाने. कोपऱ्यात हात थांबला की शाई साठते, म्हणून टोचेशी पोचायच्या आधीच पेन उचलायला लागायचं. आवाज आला नाही.

१५ मार्च

आता क्षेत्रफळ, तीन रीतींनी.

पहिली, आकडेमोड. त्रिकोण २,२४,५९९ चौरस कड्या, कख बाहेरचे तुकडे १६,९२०, खग बाहेरचे ११,४३०. एकूण २,५२,९४९. पाच घरं सरकवली: २.५२९ एकर. जुन्या हिशोबात (एकराचे चार रूड, रूडचे चाळीस पर्च) २ एकर, २ रूड, ५ पर्च.

दुसरी, पट्ट्यांची रीत. ट्रेसिंग कागदावर ठरावीक अंतराने समांतर रेघा (या मार्क्वाने काढल्या), तो नकाशावर ठेवायचा. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाशी हद्द वाकडी असते, तिथे ताणलेल्या घोड्याच्या केसाने ‘घ्या-द्या’ रेघ धरायची, म्हणजे बाहेर गेलेला तुकडा आणि आत आलेला तुकडा नजरेने सारखे करायचे. पट्ट्यांच्या लांब्या जोडत गेलं की क्षेत्रफळ. २.५२ आलं. सगळं यश नजरेवर.

तिसरी, प्लॅनिमीटर. याकोब आम्सलरने १८५४ मध्ये ध्रुवीय प्लॅनिमीटर शोधला. दोन दांड्या, एक सांधा, एक टोच कागदात रोवलेली, दुसरी हद्दीवरून फिरवायची, आणि एक लहान पोलादी चाक. चाकाचा आस फिरत्या दांडीला समांतर असल्यामुळे दांडीला काटकोनात होणारी हालचालच ते मोजतं, दांडीच्या दिशेला नुसतं घसरतं. हद्दीवरून एक फेरी मारून टोच मूळ जागी आली की चाक जेवढं फिरलं ते गुणिले दांडीची लांबी म्हणजे आतलं क्षेत्रफळ. ज्या शेताच्या आत टोच गेलीच नाही त्याचं माप कडेवरून फिरून मिळतं, हे गणित समजल्यावरही मला दर वेळी थरारून टाकतं.

आधी कसोटी: पितळी पट्टीच्या मदतीने १.७८४ इंच त्रिज्येचं वर्तुळ, म्हणजे १० चौरस इंच, चाकाचा बरोबर एक फेरा. मग शेत. रोवलेली टोच डावीकडे ठेवून २५.२१ चौरस इंच, उजवीकडे ठेवून २५.४१. हा फरक चाकाचा आस दांडीला किंचित समांतर नसल्याने पडतो, आणि दोन्ही बाजूंचा तो उलट-सुलट असतो, म्हणून सरासरी घ्यायची: २५.३१. इंचाला एक साखळी, म्हणून २.५३१ एकर. आकडेमोडीशी फरक ०.००२ एकर, सुमारे ८७ चौरस फूट.

चाकाच्या कडेवर गंजाचा कण जरी असता तर हा आकडा आला नसता. प्लॅनिमीटर घेताना बाकी सगळं मागाहून, आधी ती कड बघावी.

१३ जुलै

हवा दमट झाल्यावर नकाशा पुन्हा मोजायचा हे मुद्दाम राखून ठेवलं होतं. मार्चमध्ये त्याच्या खालच्या कडेला आठ साखळ्यांची प्रमाणपट्टी आखली होती, आठ इंचाची. आज बॉक्सवुडच्या पट्टीवर ती ८.०३ भरते. कागद फुगला. ८.५ इंचाची कख सुद्धा त्याच प्रमाणात वाढली आहे, म्हणून कर्कटकात कख उचलून नकाशावरच्या पट्टीवर ठेवली तर ८५० कड्याच येतात, आणि लाकडी पट्टीवर ठेवली तर ८५३. जुन्या नकाशावरून अंतर घेताना त्याच कागदावरची पट्टी वापरायची ती यासाठी.

कागद उभा-आडवा सारखा फुगत नाही, तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. कख आणि प्रमाणपट्टी एकाच दिशेत आहेत म्हणून आज जुळलं. ग कडे जाणाऱ्या बाजू त्या दिशेत नाहीत. नकाशाच्या डाव्या कडेला उभी दुसरी प्रमाणपट्टी हवी. ती कागद पुन्हा कोरडा झाल्यावर, पहिली पट्टी आठ इंचांवर आली की आखेन.